ज्यांना लिहिता येतं

नानासाहेबांनी अन्न सोडलं त्याचा तिसरा दिवस उजाडला, आणि चुलीपुढं पीठ मळता मळता सारजाबाईच्या मनात पहिल्यांदा आलं, हा माणूस खरंच जाणार.

तोवर तिला तसं वाटलं नव्हतं. सासऱ्याच्या उपासांच्या गोष्टी ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. वाळूजकडचे दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, तेव्हा नानासाहेब त्या बांधावरच जाऊन बसले होते. दीड दिवस. शेवटी दोघं भाऊ एकाच फडक्यात भाकरी बांधून त्यांच्यासाठी घेऊन आले. निजामाच्या राज्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेला माणूस. पोलीस ॲक्शनला पंधरा वर्षं होत आली, तरी मुकुंदवाडीच्या आसपासची माणसं कचेरीची पायरी चढण्याआधी त्यांच्या ओसरीवर येत. पण ती भांडणं लोकांची होती. हे घरातलं होतं.

सारजाबाईच्या गोदाचं लग्न सोयगावच्या बद्रीनाथांच्या घरी ठरत आलं होतं. आठ दिवसांपूर्वी बद्रीनाथांचा माणूस एक पाकीट देऊन गेला. आत दोन कागद होते. एक निनावी पत्र, कोणीतरी त्यांना पाठवलेलं. दुसरी बद्रीनाथांची एका ओळीची चिठ्ठी: हे खरं आहे का, तेवढं कळवावे.

पत्रात लिहिलं होतं की मुलीला लहानपणी फेफरं येत होतं.

येत होतं. दोनदा आलं होतं, नवव्या-दहाव्या वर्षी. त्यानंतर आठ वर्षांत एकदाही नाही. शहरातला डॉक्टर सोडला तर ही गोष्ट घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. म्हणजे लिहिणारा घरातला. आणि पत्रात 'कळवते आहे' असा शब्द होता, एवढं नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. म्हणजे लिहिणारी. या घरात लिहिता येणाऱ्या बाया दोनच, गोदा आणि धाकटी जाऊ आशाबाई. गोदा स्वतःचं लग्न कशाला मोडेल? आणि आशाबाई सातवी पास, माहेर सोयगावचं. पत्ता तिला तोंडपाठ असणार.

एवढा हिशेब लिहिता न येणाऱ्या सारजाबाईलाही करता आला होता.

"जाऊबाई, तांब्या भरून देऊ का मामंजींना?" आशाबाई दारात उभी होती.

"राहू दे. म्या देते."

"सकाळधरनं तुम्हीच करताय सगळं."

"करंन की. माझ्या पोरीपायी बसलंय ते माणूस." सारजाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "आशे, एक सांग. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर पाप कोणाला लागंल?"

तांब्या खाली ठेवून आशाबाई गोठ्याकडं निघून गेली. सारजाबाईनं तिच्या पाठीकडं पाहिलं. गुन्हा केलेलं माणूस असंच उठून जातं, असं तिला वाटलं. मग वाटलं, न केलेलंही असंच जाईल. पण हा दुसरा विचार तिनं फार वेळ जवळ ठेवला नाही.

*

आशाबाईच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, कचेरीतून तीन दिवसांची रजा टाकली होती. थोरला भाऊ कारभारी त्याला विहिरीजवळ गाठून उभा होता.

"तुझ्या बायकोला विचार," कारभारी म्हणाला. भावाच्या बायकोचं नाव तो तोंडानं घेत नसे. "तू विचारत नाय म्हणून नाना उपाशी बसलेत."

"विचारलं दादा. ती नाही म्हणते."

"नाय म्हणंलच. दोन कानाखाली वाजव, मग व्हय म्हणंल."

"नानांनी काय सांगितलंय?"

"तेच ना!" कारभारीनं हातातला दोर आपटला. "म्या परवाच निकाल लावणार होतो. म्हणले, या घरात बाईवर हात उठायचा नाय. ज्यानं लिव्हलं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, तोवर म्या जेवणार नाय. आता बस. माझ्या पोरीचं लग्नही गेलं अन् बापही चालला."

भावाला न सांगितलेली एक गोष्ट पुंजारामच्या पोटात होती. पत्र आलं त्याच दिवशी, आशाबाई नदीवर धुणं घेऊन गेली असताना, त्यानं तिची पेटी उघडली होती. माहेरी पाठवायचं म्हणून लिहिलेलं आणि न पाठवलेलं एक पत्र त्यात होतं. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. 'ळ' सारखा वाटला. 'श' वेगळा वाटला. पुन्हा पाहिलं तेव्हा 'ळ'ही वेगळा वाटला. कचेरीत रोज पन्नास अर्ज वाचणारा माणूस, पण बायकोचं अक्षर त्याला ओळखता येईना. आणि मान वर केली तेव्हा ती ओल्या धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती.

ती ओरडली नाही. "जुळलं का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

*

दुपारी वैद्य येऊन गेले. नाडी मंद आहे, एवढंच ते म्हणाले, पण जाताना त्यांनी जोडे घालायला फार वेळ लावला. त्यांच्यामागून शेजारच्या आवडाबाई आल्या, मनकर्णाबाई आल्या. नानासाहेबांच्या पाया पडल्या आणि उठताना दोघींनी आशाबाईकडं पाहिलं. मग कारभारीनं बाहेरच्यांना हात जोडून निरोप दिला, दार लोटलं आणि घरातली सगळी माणसं ओसरीवर बसली.

नानासाहेब घोंगडीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या. डाव्या हाताला त्यांची बायको लक्ष्मीबाई पंख्यानं वारा घालत होती. तीन दिवस ती तिथून हलली नव्हती. तिनंही खाल्लं नव्हतं, पण त्याची मोजणी कोणी करत नव्हतं.

"मला कोणावर शक नाय," नानासाहेब म्हणाले. आवाज खोल गेला होता. "म्या कोणाचं नाव घेतलं नाय, घेणार नाय. शिक्षा करायची नाय. मारायचं नाय, घराबाहेर काढायचं नाय. फकस्त खरं पाहिजे. तुमच्या मनात खरं उगवावं म्हणून म्या बसलोय."

बोलताना ते छताकडं पाहत होते, पण बाकी सगळे आशाबाईकडं पाहत होते. कारभारी पाहत होता, सारजाबाई पाहत होती. खांबाला टेकून बसलेली गोदासुद्धा एकदा काकूकडं पाहून खाली पाहू लागली. पुंजाराम तेवढा आपल्या हाताच्या नखांकडं बघत होता.

आशाबाईला ते सगळं अंगावर जाणवलं. आठ दिवस तिनं नाही म्हणून पाहिलं होतं. शपथ घेऊन पाहिलं होतं. तिच्या नाहीला या घरात किंमत नव्हती, कारण तिला लिहिता येत होतं. आता समोर म्हातारा सासरा होता. लग्न होऊन आल्यावर तिनं शाळा सुटली म्हणून डोळ्यांत पाणी काढलं, तेव्हा शहरातून पाटी आणून 'वाचलेलं विसरू नको' म्हणणारा तोच होता. त्याचे ओठ फाटले होते. तो मेला तर ती जन्मभर सासरा मारणारी बाई ठरणार होती. कबूल केलं तर फक्त पत्र लिहिणारी बाई होणार होती.

"म्या लिव्हलं," ती म्हणाली.

कोणीतरी श्वास सोडला. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला.

"माझ्या हातानं लिव्हलं. चूक झाली. मामंजी, आता जेवा."

नानासाहेबांचे डोळे भरून आले. "मला ठाव होतं, पोरी," ते म्हणाले. "तू खरं बोलशील, हे मला ठाव होतं. सारजे, लिंबूपाणी आण." त्यांनी हात आशाबाईकडं केला. आशीर्वाद द्यायचा असावा. ती जागची उठली नाही.

"थांब वहिनी," पुंजाराम म्हणाला.

सारजाबाई अर्ध्यात थांबली. पुंजारामचा चेहरा उतरला होता. तो बायकोकडं वळला. "काय लिहिलं होतंस?"

"तेच. गोदाला फेफरं येतं म्हणून."

"ते सगळ्यांनाच माहीत झालंय. शेवटची ओळ काय होती?"

आशाबाई गप्प.

"पत्र मी वाचलं, नानांना अन् दादाला वाचून दाखवलं, तेही मळ्यात. बायांपैकी कोणी ऐकलेलं नाही. तू लिहिलंस तर सांग. शेवटी काय होतं?"

"आठवत नाय."

"आठ दिवसांत विसरलीस?"

"काय लावलंय हे!" कारभारी उसळला. "तिनं कबूल केलं ना! आता बायकोला सोडवायला वकिली करतो का?"

"ती खोटं बोलतीय दादा! नाना, ही खोटं बोलतीय. हिला माहीतच नाही."

"मग सगळ्यांपुढं असं कामून म्हणंल ती?" नानासाहेबांनी विचारलं. त्यांचा हात अजून पुढंच होता.

पंखा थांबला होता. कोणाचं लक्ष नव्हतं.

"'पोरगी गुणाची आहे, कामाला वाघीण आहे,'" लक्ष्मीबाई म्हणाली. "'तिला पुढं कोणी बोल लावू नये म्हणून आधीच कळवते आहे. एवढं जपा.' अशी होती शेवटची ओळ."

*

लक्ष्मीबाईला अक्षर येत नव्हतं. अंगठा लावत असे. म्हणून आठ दिवसांत कोणी तिच्याकडं वळूनही पाहिलं नव्हतं.

"शहरात शहागंजात पोस्टाच्या बाहेर एक म्हातारा मुन्शी बसतो," ती म्हणाली. "बाजाराला गेले होते त्या रोजी त्याच्याकडनं लिहून घेतलं. म्या बोलले तसं त्यानं लिव्हलं. 'कळवते' म्हणलं तर 'कळवते'च लिव्हलं. इमानदार माणूस."

"माय!" कारभारी उठूनच उभा राहिला. "तुझ्या नातीचं लग्न तू मोडलंस?"

"बस खाली. मोडलं का? सोयगाववाल्यानं काय इचारलंय? खरं हाय का, एवढंच ना? आठ दिवस झाले, त्याला उत्तर कोणी दिलं? कोणी लिव्हलं हे सगळ्यांनी शोधलं. लिव्हलेलं खरं हाय का, हे एकानंही म्हणलं नाय."

नानासाहेबांचा हात आता घोंगडीवर होता. "मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला दोनदा सांगितलं. सुपारी फुटायच्या आधी सांगून टाका म्हणलं. तुम्ही म्हणले, बघू पुढं. माझी बहीण अशीच दिली होती, लपवून. सासरी पहिल्यांदा फेफरं आलं तवा चुलीजवळ होती. हात भाजला, अन् त्याच भाजक्या हातानं तिला माहेरच्या उंबऱ्यात आणून सोडलं. कसली फसवणूक केली म्हणून आमच्या बापाला चार माणसांत बोलले. म्या तवा गोदाएवढी होते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तुम्ही लोकांना खरं बोला म्हणता. मला वाटलं, आपल्या घरातलं खरं म्या कळवलं तर काय बिघडलं. पण नाव सांगायचं धाडस झालं नाय. तुम्ही बसलात तवाच बोलायला पाहिजे होतं. एक दिवस बसतील, उठतील, असं म्हणत राहिले. माझी चूक हाय ती. ह्या पोरीचे हाल म्या डोळ्यांनी पाहिले अन् गप बसले."

"मग मला मारायला निघाली होतीस," नानासाहेब म्हणाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

लक्ष्मीबाईनं पंखा खाली ठेवला.

"सांडूची गोष्ट आठवते का तुम्हाला?"

सांडूचं नाव या घरात क्वचित निघे. सत्तेचाळीस साली चावडीवर तिरंगा नानासाहेबांनी लावला होता. पोलिसांनी धरलं ते शेजारच्या सांडूला. तीन दिवस मारल्यावर त्यानं कबूल केलं की झेंडा आपण लावला. त्याचा एक कान कायमचा गेला. नानासाहेबांनी स्वतः हजर होऊन खरं सांगितलं, तोवर उशीर झाला होता.

"तवा तुम्ही मला काय म्हणले होते? म्हणले, मार खाऊन निघालेल्या कबुलीला सत्य म्हणायचं नाय. आज ह्या पोरीनं तिसऱ्या दिवशी कबूल केलं. न केलेलं. तुम्ही तिला बोटही लावलं नाय, व्हय. पण मरतो म्हणून तिच्या समोर बसलात. तिनं काय करायचं होतं?"

"म्या... मारामारी होऊ नये म्हणून बसलो होतो."

"पहिल्या दिवशी तसंच होतं. म्या पाहत होते. कारभारीचा हात थांबला तिथंच काम झालं होतं. मग उठला का नाय?"

नानासाहेबांनी उत्तर शोधलं. बांधावर बसले होते तेव्हा दोन्ही भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते आणि ते स्वतः मध्ये होते. इथं मध्ये कोणी नव्हतं. एका बाजूला सगळं घर होतं, दुसऱ्या बाजूला एक पोरगी होती, आणि ते घराच्या बाजूला बसले होते. कोणावर शक नाही असं ते म्हणाले होते, पण तिनं 'म्या लिव्हलं' म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं नव्हतं. 'मला ठाव होतं' असंच तोंडात आलं होतं. म्हणजे शक होता. पहिल्या दिवसापासून होता. फक्त तो तोंडानं बोलायचं त्यांनी टाळलं होतं, आणि त्यालाच ते अहिंसा समजत होते.

ते भिंतीला धरून उठले. पुंजाराम पुढं झाला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. चार पावलं टाकून ते आशाबाईपुढं आले आणि खाली बसले, जमिनीवर.

"पोरी, म्या तुझ्याकडनं खोटं बोलून घेतलं. मला माफ कर."

सारजाबाई रडायला लागली. कारभारीनं तोंड फिरवलं. आता आशाबाई वाकेल, सासऱ्याच्या पाया पडेल, आणि सगळं सुरळीत होईल, असं सगळ्यांना वाटलं.

आशाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"मामंजी, तुम्ही लिंबूपाणी घ्या," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाय असं म्या आत्ता म्हणणार नाय. म्हणलं तर तेही तसंच होईल, मघाच्यासारखं. मनात येईल तवा सांगन."

"आशे!" सारजाबाई कळवळली.

"ती बरोबर बोलतीय," नानासाहेब म्हणाले. "तिला घाई करू नका."

लिंबूपाणी गोदानं आणलं. त्यांनी पेला घेतला आणि आधी लक्ष्मीबाईपुढं केला. तीन दिवसांनी पहिल्यांदाच कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की तीही उपाशी आहे.

पुंजाराम बायकोच्या मागं गोठ्यापर्यंत गेला. "मी ओळखायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"अक्षर?"

"तुला."

आशाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग गाईपुढं कडबा टाकता टाकता म्हणाली, "मघा मधी बोललात, तेवढं बरं केलं." पुंजाराम तिथंच थांबला आणि तिच्याबरोबर कडबा टाकू लागला.

*

उपास सुटल्यावर पाचव्या दिवशी नानासाहेब, लक्ष्मीबाई आणि गोदा एसटीनं निघाले आणि सिल्लोडला गाडी बदलून सोयगावला उतरले. गोदाला न्यायचं नव्हतं. पण तिनंच विचारलं होतं, "माझ्याबद्दल बोलणार, अन् म्या घरी का बसू?" मग तिलाही घेतलं.

बद्रीनाथांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली, आणि चेहरा बंद ठेवला. त्यांची बायको वच्छलाबाई दाराच्या चौकटीत उभी राहिली.

"पत्रातलं खरं हाय," नानासाहेब म्हणाले. "दोनदा आलं होतं. आठ वर्षांत नाय. आम्ही ते लपवलं. लपवणारा म्या. पत्र हिनं लिहवून घेतलं," त्यांनी बायकोकडं हात केला, "अन् ते बरोबर केलं."

बद्रीनाथ बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "नानासाहेब, तुमचं नाव ऐकून आम्ही काही विचारपूस केली नव्हती. आता तुम्ही एक सांगता. अजून काय लपवलंय, हे आम्हाला कसं कळावं?"

"तुम्ही इचारा. इचाराल ते सांगू."

"इचारल्यावर सगळेच सांगतात." अडकित्ता थांबला. "आम्हाला आठ दिवस द्या. विचार करून कळवू."

नानासाहेबांनी मान हलवली. नकार असाच येतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टोपी हातात घेतली.

"शेवटचं कधी आलं होतं?" चौकटीतून आवाज आला. वच्छलाबाई गोदाकडंच पाहत होती.

"दहावं लागलं तवा. पोळ्याच्या दिवशी," गोदा म्हणाली.

"अन् इथं आलं तर काय करायचं?"

नानासाहेब उत्तर द्यायला सरसावले. लक्ष्मीबाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भ्यायचं नाय," गोदानं सांगितलं. "चूल, पाणी जवळ असलं तर बाजूला घ्यायचं. एका कुशीवर वळवायचं. दाबून धरायचं नाय, तोंडात काय घालायचं नाय. नाकाला कांदा नाय, जोडा नाय. जरा वेळानं आपोआप थांबतं. मग मला झोप येते. लवकर थांबलं नाय तर दवाखान्यात न्यायचं. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलंय."

"एका कुशीवर."

"व्हय."

"डाव्या का उजव्या?"

"कोणत्याबी. डावी बरी म्हणले होते."

वच्छलाबाईनं मान हलवली. मग नवऱ्याकडं न पाहता ती आत वळली आणि चुलीपुढच्या सुनेला म्हणाली, "चहाचं आधण उतरव. पीठ काढ तीन माणसांचं जास्तीचं. अन् पोरगी आत येऊ दे, तिला म्या आपलं घर दाखवते."